उजव्या चपलेचा थर

एकोणीस वर्षं मी फेरीबोटीचा रॅम्प पाडला, रॅम्प उचलला,
रायबंदर ते चोडण, चोडण ते रायबंदर,
आणि उतरणाऱ्यांना एकच वाक्य सांगत आलो:
पाय सांभाळा.

माझा मोडला तेव्हा ओहोटी होती.
धक्क्यावर शेवाळ,
आणि मासळीची पाटी बांधलेली एक स्कूटर
मागे मागे घसरत आलेली.
आवाज ओला नव्हता. वाळलेलं चुडत
कुणी गुडघ्यावर घेऊन मोडावं, तसा.
पुढचं आठवतात ते बांगडे,
माझ्याभोवती रॅम्पवर पसरलेले,
माझ्यासारखेच आ वासलेले.

बांबोळीला गुडघ्यातून नडगीत सळी सारली. सात स्क्रू.
डॉक्टरांनी फोटो उजेडाकडे धरला.
मी विचारलं, गंजणार नाही ना? आमचं पाणी खारं.
ते हसले.
मी विनोद केला नव्हता.

शेजारच्या खाटेवर मिंगेल रेंदेर, दोन्ही पाय प्लॅस्टरात.
खिडकीतून एक माड दिसायचा.
तो पडला होता तो माड हा नव्हे,
तरी त्याच्याशीच भांडायचा:
"तूं उबो उरलो मरे, पडलों हांव."
रात्री पट्ट्यांच्या आत खाज सुटली
की उशीखालून हीर काढायचा,
झावळीचा, तासून गुळगुळीत केलेला.
दोघांत एकच हीर.
तेवढं सुख मला लग्नातही मिळालं नव्हतं,
हे सुलक्षाला अजून सांगितलेलं नाही.

घरी सुताराने खुर्चीला मधोमध भोक पाडून दिलं.
त्या खुर्चीबद्दल मी बोलणार नाही.
खालचं भांडं तिनं चार महिने रोज उचललं,
एवढंच लिहून ठेवतो.

माणसं येऊन जायची, प्रत्येकाकडे एक औषध.
कुर्ल्यांचं सूप घे. नाचण्याचं सत्त्व घे.
डिचोलीचा हाडवैद्य बघ, त्यानं बैलाचा पाय जोडला.
फिलोमेनाबाय तर तिसऱ्या घेऊनच यायची,
बसून स्वतःच सोलायची.
झोप लागते का, हे कुणी विचारलं नाही.
सहावीतली दीक्षिता एकदा म्हणाली,
पप्पा, तुम्ही झोपेत "पाय सांभाळा" ओरडता.
कुणाला?

गांवस मॅडम सत्तरीच्या, माझ्या पुतणीच्या वयाच्या.
गुडघा वाकवतात, कोन मोजतात.
पस्तीस. बेचाळीस. पुढच्या आठवड्यात चाळीस.
मागे कसा गेला?
ओहोटी, मी म्हटलं.
त्या म्हणाल्या, रडा हवं तर,
फक्त श्वास धरून ठेवू नका.

त्यांच्याकडे जायचं तर खाडी ओलांडायची,
म्हणजे तीच बोट.
मी आता बाकावर, प्रवाशांत.
इंजिन धडधडलं की आतली सळी वेगळी थरथरते,
भाड्यानं राहायला आल्यासारखी.

मग कळलं, उजवा पाय एक सेंटिमीटर आखूड झालाय.
पणजी मार्केटच्या कोपऱ्यावर कल्लाप्पा बसतो.
त्याने चपलेखाली टायरचा तुकडा ठोकला,
कडा कापून नीट बसवला.
कसलं टायर?
स्कूटरचं, तो म्हणाला.
मी पैसे दिले, आणि बराच वेळ तिथेच उभा राहिलो,
दोन्ही पायांवर.

काल सातवा महिना. कुबड्या घरी, हातात काठी.
बोट चोडणला लागली, रॅम्प पडला,
रॅम्प आणि धक्का यांत वीतभर फट,
खाली पाणी.
माझ्या जागेवरचा नवा पोरगा म्हणाला, काका, पाय सांभाळा.
अगदी माझ्याच सुरात.

चढताना चांगला पाय आधी,
उतरताना मोडका आधी,
असं मॅडमनी पाठ करून घेतलंय.
पण अर्धी भरती होती, रॅम्प सपाट.
ना चढ, ना उतार.
मी थांबलो.
मागे हॉर्न वाजला,
मग दुसरा.

वाजू दिले.